हजार वॉटची चिठ्ठी आणि लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर

१९९० च्या दशकात भारतातील मध्यमवर्गीय घरांत जे म्युझिक सिस्टिम आले, त्यांच्या दर्शनी भागावर एक चकचकीत चिठ्ठी हमखास चिकटवलेली असे : ‘१००० वॉट पीएमपीओ’. त्याच यंत्राच्या पाठीमागे, बारीक अक्षरांत, ते भिंतीवरील सॉकेटातून किती वीज घेते हेही छापलेले असे आणि तो आकडा काही थोड्या वॉटांच्या पुढे जात नसे. पन्नास वॉट घेणारे यंत्र हजार वॉट बाहेर टाकू शकत नाही, हे सांगायला ऊर्जा-अक्षय्यतेचा शाळेतील नियम पुरेसा होता. पीएमपीओ, म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’, हा आकडा कोणत्याही सर्वमान्य पद्धतीने मोजलेला नव्हता. कारखानदाराला जो सोयीचा वाटे, तो छापला जाई.

आज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला याच्या उलट चित्र दिसते. मोठ्या शहरांतील उंची ध्वनियंत्रणांच्या दालनांत काही लाख रुपयांचे अ‍ॅम्प्लिफायर ठेवलेले असतात आणि तेथे आकड्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. ‘ऊब’, ‘खोली’, ‘आवाजाभोवतीची हवा’ अशा शब्दांत त्यांचे गुणवर्णन होते. एकीकडे किमतीला न शोभणारा आकडा आणि दुसरीकडे आकड्याविना किंमत, या दोहोंच्या मध्ये ग्राहक उभा आहे. त्याचा प्रश्न साधा आहे : अधिक पैसे मोजले, तर मोजता येईल असे काही अधिक पदरात पडते काय? या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे आणि त्यात कधी मोजमाप बरोबर ठरले आहे, तर कधी कान.

अ‍ॅम्प्लिफायरचे काम एका वाक्यात सांगता येते. आत आलेल्या क्षीण विद्युत्-संकेताची मोठी, पण तंतोतंत तशीच प्रतिकृती त्याने स्पीकरला द्यावी. या कामात तो मुख्यतः तीन प्रकारे चुकतो. मूळ संकेतात नसलेले स्वर तो स्वतःहून मिसळतो; यास विकृती किंवा डिस्टॉर्शन म्हणतात. तो थोडी खरखर किंवा गुणगुण मिसळतो. आणि काही कंप्रतांचे स्वर तो इतरांपेक्षा किंचित कमी-अधिक मोठे करतो. या तिन्ही चुका मोजता येतात. मोजण्याचे एकक डेसिबल. मिसळलेला स्वर मूळ स्वराच्या ६० डेसिबल खाली आहे, याचा अर्थ त्याचा आयाम मूळच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे ०.१ टक्का आहे. ८० डेसिबल खाली म्हणजे दहा हजारावा भाग आणि १०० डेसिबल खाली म्हणजे लाखावा.

ही चूक प्रथम संगीतप्रेमींना नव्हे, तर टेलिफोनवाल्यांना जाचली. अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत संभाषण पोहोचवायचे, तर वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत. प्रत्येकाची विकृती पुढच्याच्या विकृतीत मिसळे आणि शेवटी शब्द ओळखू येईनासे होत. बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता अनेक वर्षे या अडचणीशी झुंजत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडून कामावर जाताना, फेरीबोटीतच त्याला उत्तर सुचले. हाताशी कागद नव्हता. त्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्याने आकृती आणि समीकरणे लिहिली.

कल्पना अशी होती. अ‍ॅम्प्लिफायरमधून जे बाहेर पडते, त्याचा एक लहान अंश उलटा करून पुन्हा आत आणावा आणि मूळ संकेताशी त्याची तुलना करावी. दोहोंत जो फरक निघेल, तो अ‍ॅम्प्लिफायर आपोआप दुरुस्त करील. यास ऋण प्रतिभरण, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, म्हणतात. यात वर्धनक्षमता बरीच खर्ची पडते. पण वर्धनक्षमता स्वस्त आणि मुबलक असते, अचूकता दुर्मीळ. ब्लॅकने स्वस्त वस्तू देऊन दुर्मीळ वस्तू मिळवण्याचा मार्ग काढला. ही गोष्ट तेव्हा इतकी विपरीत वाटली, की १९२८ मध्ये केलेल्या अर्जावर पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. किमतीच्या प्रश्नाचे बीज येथेच पेरले गेले. अचूकता यापुढे दुर्मीळ सामग्रीपेक्षा परिपथाच्या रचनेवर अवलंबून राहणार होती, आणि चांगली रचना कागदावर उतरवून कोणालाही देता येते.

ती तशी दिली गेलीही. १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ब्रिटनमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी घरगुती संगीतासाठी एका अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. पंधरा वॉट शक्ती आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृती, हे त्याचे गुणधर्म होते. जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बांधला. मात्र या आराखड्यात एक वस्तू महाग होती : व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. उत्तम प्रतीचे लोखंड आणि काळजीपूर्वक थरांत गुंडाळलेली तांब्याची तार नसेल, तर ऋण प्रतिभरण लावताच सारे यंत्र अस्थिर होऊन शिट्ट्या घालू लागे. त्या काळी चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरची अधिक किंमत न्याय्य होती, कारण ते पैसे लोखंड, तांबे आणि कारागिराच्या वेळेत जात आणि त्यांचा परिणाम उपकरणावर मोजून दाखवता येई.

त्यानंतर नऊ वर्षांनी या कथेत एक भारतीय नाव येते. बंगालमधून ब्रिटिशांच्या ससेमिऱ्याला चुकवून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक नोनीगोपाल बोस यांचे पुत्र अमर बोस हे १९५६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट पूर्ण करीत होते. त्यांनी छापील गुणधर्म पाहून एक भारी ध्वनियंत्रणा विकत घेतली आणि ऐकल्यावर त्यांची निराशा झाली. आकडे उत्तम होते, पण सभागृहात बसून ऐकलेल्या वाद्याची प्रचिती येत नव्हती. बोस यांनी आकड्यांना नावे ठेवली नाहीत आणि कानालाही खोटे पाडले नाही. आकडे ज्या गोष्टीचे होते, त्याहून वेगळी कोणती गोष्ट कानाला हवी आहे, याचा त्यांनी शोध सुरू केला. सभागृहात श्रोत्यापर्यंत येणारा बराचसा आवाज भिंती आणि छतावरून परावर्तित होऊन येतो, यावर त्यांनी आपले लक्ष केंद्रित केले. पुढे त्यांनी काढलेल्या कंपनीच्या स्पीकरांविषयी मतभेद झाले आणि आजही आहेत. पण उणीव अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा स्पीकर आणि खोली यांच्या नात्यात शोधावी, ही त्यांची दिशा योग्य होती.

मोजमापाची खरी नाचक्की मात्र १९६० च्या दशकात झाली. व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले. जड ट्रान्सफॉर्मर गेला, किंमत उतरली, कागदावरील विकृतीचा आकडाही लहान दिसू लागला. तरीही अनेक श्रोते तक्रार करू लागले, की आवाज कर्कश झाला आहे, ऐकून थकवा येतो. काही अभियंत्यांनी या तक्रारी हसण्यावारी नेल्या. श्रोत्यांचे म्हणणे खरे होते. सुरुवातीच्या अनेक परिपथांत संकेताचा धन अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि ऋण अर्धा भाग दुसरा सांभाळत असे. एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवताना, शून्याच्या आसपास, संकेताला लहानसा झटका बसे. या दोषाला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. आवाज मोठा असताना तिचे प्रमाण नगण्य भासते, पण हळू आवाजात तीच मूळ संकेताच्या मानाने ठळक होते. शिवाय तिच्यातून निर्माण होणारे स्वर मूळ स्वरापासून फार उंचावर असतात, त्यामुळे मूळ स्वर त्यांना झाकू शकत नाही. जाहिरातीतील आकडा पूर्ण शक्तीवर मोजलेला असे. ऐकणारा मात्र घरात अर्ध्या-एक वॉटवर ऐकत असे.

दुसरा दोष वेगाचा होता. संकेत फार झपाट्याने बदलला, तर आतील परिपथ त्याच्या मागे पडे आणि दुरुस्ती करणारे प्रतिभरण त्या क्षणापुरते निकामी होई. १९७० साली फिनलंडचे मात्ती ओताला यांनी या क्षणिक विकृतीकडे लक्ष वेधले. त्यांच्या मीमांसेतील काही भाग पुढे वादग्रस्त ठरला, पण परिपथाचा वेग मोजायला हवा, हे सर्वांना पटले. विकृती निरनिराळ्या शक्तींवर आणि निरनिराळ्या कंप्रतांवर मोजण्याची शिस्त हळूहळू रुळली. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की शक्तीचा दावा करताना ती अखंड किती वेळ टिकणारी आहे ते मान्य पद्धतीने तपासावे, आणि स्पीकरचा अवरोध, कंप्रतांचा पट्टा व विकृतीची मर्यादा हेही सोबत सांगावे. असा नियम काटेकोरपणे लागू असता, तर आपल्याकडील हजार वॉटची चिठ्ठी छापणे शक्यच झाले नसते.

मोजमाप सुधारले, दोष दूर झाले. आणि येथून पुढे किंमत व गुणवत्ता यांच्या वाटा वेगळ्या होऊ लागल्या. १९६२ साली अमेरिकेत ‘स्टीरिओफाइल’ आणि १९७३ साली ‘द अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ ही नियतकालिके निघाली होती. त्यांची भूमिका अशी, की अंतिम निवाडा कानाचा. क्रॉसओव्हर विकृतीचा इतिहास पाहता ही भूमिका अवाजवी म्हणता येत नाही. पण तिच्यात एक मेख होती. निवाडा करणाऱ्या कानाला समोर कोणते यंत्र वाजत आहे आणि त्याची किंमत काय, हे ठाऊक असे.

ही माहिती काढून घेतली, तर काय होते? १९७८ साली जेम्स मॉयर यांनी क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या तीन पिढ्यांतील अ‍ॅम्प्लिफायरांची अंध चाचणी घेतली. एक १९५३ चा व्हॉल्व्हचा, दुसरा १९६७ चा ट्रान्झिस्टरचा आणि तिसरा १९७५ चा नव्या रचनेचा. अनुभवी श्रोत्यांच्या मंडळाला ते एकमेकांपासून ओळखता आले नाहीत. त्यांची उत्तरे छापा-काटा करून द्यावीत तशी निघाली. १९८७ च्या जानेवारीत ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ने आणखी मोठी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात २२० डॉलरच्या पायोनियर रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह-जोडीपर्यंत, म्हणजे सुमारे ५५ पट किमतीच्या टप्प्यातील यंत्रे होती. श्रोत्यांत भेद ऐकू येतो असे मानणारेही होते आणि न मानणारेही. एकूण निकाल पुन्हा निम्म्याच्या आसपास राहिला.

अशा चाचणीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. दोन्ही यंत्रांची पातळी डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत जुळवावी लागते. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरीव’ म्हणून जाणवतो. दालनात एकामागून एक यंत्र ऐकवताना ही जुळवणी क्वचितच केली जाते. तेथे जाणवलेले बरेचसे फरक या एकाच कारणाने उलगडतात.

तरीही अंध चाचणीवरील आक्षेप ऐकून घेतला पाहिजे, कारण तो केवळ विक्रेत्यांचा नाही. पुढे ‘स्टीरिओफाइल’चे संपादक झालेले जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी आपली हकीकत अनेकदा सांगितली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका अंध चाचणीत भाग घेतल्यावर सर्व अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, असे त्यांना वाटले आणि त्यांनी क्वाड ४०५ विकत घेतला. काही काळाने मात्र संगीत ऐकण्यातला त्यांचा आनंद ओसरला आणि त्यांनी तो बदलला. चाचणीच सदोष होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तर्कदृष्ट्या यात एक तथ्य आहे. फरक आढळला नाही, म्हणून फरक नाहीच असे सिद्ध होत नाही. चाचण्या थोड्या असतील, तर सूक्ष्म भेद निसटू शकतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. घरी ऐकताना अ‍ॅटकिन्सन यांना यंत्राचे नाव माहीत होते, म्हणून त्यांचा असमाधानाचा अनुभव खरा असला, तरी त्याचे कारण अ‍ॅम्प्लिफायरच होता, हे त्यावरून ठरत नाही.

हा तिढा सोडवणारी एक पद्धत कानावर मुळीच अवलंबून नाही. दोन अ‍ॅम्प्लिफायरांना एकच संकेत द्यावा आणि त्यांची उत्पादिते एकमेकांतून वजा करावीत. जे उरेल, तोच त्यांच्यातील सारा भेद. त्यात ऊबही आली, खोलीही आली आणि अद्याप नाव न मिळालेले गुणही आले. १९८५ साली बॉब कार्व्हर या अभियंत्याने याच पद्धतीवर एक पैज स्वीकारली. ‘स्टीरिओफाइल’च्या मंडळींनी त्यांच्या पसंतीचा हजारो डॉलरचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर निवडायचा आणि कार्व्हरने आपला त्याहून कितीतरी स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर अठ्ठेचाळीस तासांत त्याच्यासारखा करून दाखवायचा. न्यू मेक्सिकोतील एका हॉटेलच्या खोलीत बसून त्याने वजाबाकीचे शिल्लक सुमारे ७० डेसिबल खाली नेले. याचा अर्थ दोहोंत तीन हजारांत एक भाग एवढाच भेद राहिला. परीक्षकांनी पुष्कळ ऐकले आणि अखेर फरक सापडत नसल्याची कबुली दिली. पुढे कारखान्यात तयार झालेला नमुना हातबांधणीच्या नमुन्याइतका जुळतो की नाही, यावरून कार्व्हर आणि मासिक यांच्यात वाद जुंपला. मूळ प्रयोगाचा अर्थ त्याने बदलत नाही.

या प्रयोगाने आणखी एक गोष्ट उघड केली. जुळवण्याआधी दोन यंत्रांत भेद होता आणि तो ऐकूही येत होता. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध जास्त असतो. स्पीकरचा अवरोध कंप्रतेप्रमाणे बदलतो, त्यामुळे अशा यंत्रातून काही स्वर किंचित उचलले जातात आणि काही दबतात. शिवाय अनेक व्हॉल्व्ह परिपथ दुप्पट कंप्रतेचा, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर थोडा मिसळतात. तो कानाला खटकत नाही, उलट भरीव वाटतो. म्हणजे ‘ऊब’ काल्पनिक नव्हती. ती मोजता येण्याजोगी चूक होती आणि ती अनेकांना आवडत होती.

अशा आवडीत गैर काही नाही, हे भारतीय श्रोत्याला वेगळे सांगायला नको. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तंबोरा व वीणा या वाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले. तार ज्या बिंदूवर छेडली असता, सिद्धान्तानुसार, काही उपस्वर उमटूच नयेत, तेथे छेडूनही तंबोऱ्यात ते जोमाने उमटतात, असे त्यांनी दाखवले. याचे श्रेय रुंद, वक्र घोडीला आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याला आहे. मिरजेच्या कारागिरांनी हयात घालवून जी जवारी लावली, ती अभियंत्याच्या भाषेत उपस्वर निर्माण करण्याचीच युक्ती आहे. मात्र तंबोरा वाद्य आहे. स्वर निर्माण करणे हे त्याचे काम. ध्वनिमुद्रणात ती जवारी एकदा उतरली, की अ‍ॅम्प्लिफायरने तिच्यात स्वतःची दुसरी जवारी घालावी काय, हा निवडीचा प्रश्न आहे. कोणी ती घालून घ्यावी. पण तिला अधिक अचूकता म्हणून विकू नये.

अचूकतेची किंमत दरम्यान कोसळली आहे. १९९० च्या दशकात डग्लस सेल्फ यांनी अ‍ॅम्प्लिफायरमधील विकृतीची कारणे एकेक करून वेगळी काढली आणि सामान्य सुट्या भागांतून जवळजवळ निर्दोष यंत्र कसे बांधावे, हे जाहीरपणे लिहिले. पुढे ब्रुनो पुत्झेस यांच्यासारख्या अभियंत्यांनी क्लास-डी पद्धतीत, जिथे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात, ब्लॅकचेच ऋण प्रतिभरण इतक्या कौशल्याने वापरले, की विकृती लाखाव्या भागापर्यंत किंवा त्याही खाली गेली. आज हाताच्या पंजावर मावणारा, काही हजार रुपयांचा अ‍ॅम्प्लिफायर विल्यमसनच्या मर्यादेहून सरस असू शकतो. उलट उत्तम स्पीकरही मोठ्या आवाजात खालच्या स्वरांत टक्क्याच्या आसपास विकृती सहज निर्माण करतो आणि साध्या खोलीच्या भिंती काही स्वर दहा डेसिबलने वर-खाली करतात. या दोन दोषांपुढे दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरांतील भेद हिशेबातही धरण्याजोगा उरत नाही.

मग भारी किमतीत काय मिळते? काही वेळा खरोखरच शक्ती मिळते. अ‍ॅपोजी कंपनीच्या सिंटिला या स्पीकरचा अवरोध जवळजवळ एक ओम होता. त्याला चालवताना सामान्य अ‍ॅम्प्लिफायर नांगी टाकत आणि मोठे, महाग यंत्रच टिकत असे. तेथे किंमत मोजमापाने सिद्ध होते. एरवी ती जाड अ‍ॅल्युमिनियमची पेटी, थोड्या संख्येचे उत्पादन, दीर्घ सेवा, देखणेपण आणि मालकीचा अभिमान यांची असते. हस्तकलेची वस्तू घेणारा याच कारणांसाठी पैसे मोजतो आणि त्याला कोणी फसवले असे होत नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा हेच पैसे ‘चांगल्या आवाजा’च्या नावाने घेतले जातात आणि स्पीकरसाठी राखून ठेवायची रक्कम धातूच्या पेटीत जाते.

ज्याला दालनात फरक ऐकू आला, तो खोटे बोलत नसतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरांवर प्रयोग करून दाखवले, की समोरची वस्तू दिसत असली तर तिचे नाव आणि आकार तिच्या आवाजाविषयीचे मत बदलून टाकतात, आणि त्या प्रयोगातील श्रोते ध्वनियंत्रणांच्याच कंपनीत काम करणारे होते. डोळा आणि कान एकाच मेंदूत काम करतात. म्हणून खरेदीपूर्वी ग्राहकाने तीन गोष्टी मागाव्यात : स्वतःच्या स्पीकरच्या अवरोधावर मोजलेली अखंड शक्ती, हळू आवाजापासून पूर्ण शक्तीपर्यंतची विकृती, आणि पातळी जुळवून, पडद्याआड ऐकण्याची एक संधी. जो विक्रेता या तिन्ही गोष्टी द्यायला तयार असेल, त्याच्या किमतीचा विचार करावा. जो नाकारील, त्याच्या लाखांच्या यंत्रावर आणि हजार वॉटच्या त्या जुन्या चिठ्ठीवर सारखाच विश्वास ठेवावा.